चौथा प्रश्न आणि वर्नाबाईंची सही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या समाजकार्य विभागाचे डीन डॉ. कर्टिस एंगेब्रेटसन, आमच्या पाठ्यवृत्त्यांच्या उदार दात्या श्रीमती मार्लिस टोलेफसन, एकतीस वर्षं शिष्यवृत्ती कार्यालय सांभाळून आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती वर्ना लाहती, माझे सहकारी, आणि सूप गार झाल्यावर ज्यांच्या टेबलापर्यंत पोहोचतं त्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

मला सात मिनिटं दिली आहेत. निरोपाच्या भाषणात माणसाचे असे काही गुण सांगायचे असतात की हा इतकी वर्षं आपल्यात होता यावर कुणाचा विश्वासच बसू नये. डीनसाहेबांनी ते काम आत्ताच पार पाडलं. वर्नाबाई 'मृदू आणि सदैव सहकार्य करणाऱ्या' होत्या, असं ते म्हणाले. त्या वेळी बाईंनी पाण्याचा पेला तोंडाला लावला, हे मी इथून पाहिलं. चौदा वर्षं मी त्यांच्याबरोबर निवड समितीवर बसलो आहे. तेव्हा मृदूपणाचा विषय मी सोडून देतो.

आपल्या मुलांना शेवटच्या वर्षी आठवड्याचे तीन दिवस बिनपगारी क्षेत्रकार्य करावं लागतं. उपाशी माणसाला मदत कशी करावी हे शिकायचं तर आधी आपण उपाशी राहावं, असा काहीतरी शैक्षणिक विचार त्यामागे असावा. ज्याला पाठ्यवृत्ती मिळते तो ते वर्ष काढतो. ज्याला मिळत नाही तो वृद्धाश्रमात रात्रपाळी करतो आणि बहुधा फेब्रुवारीत, इथलं सरोवर गोठलेलं असताना, अभ्यासक्रमातून नाव काढून घेऊन घरी जातो.

आता ही पाठ्यवृत्ती मिळवायची कशी? अर्जात चौथा प्रश्न आहे: 'तुमच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या संकटाचे सविस्तर वर्णन करा.' दोन पानं. त्याला आम्ही दहापैकी गुण देत असू. आई वारली, सहा. आई वारली आणि वडील परागंदा झाले, आठ. एका मुलाचं घर जळालं होतं. मी विचारलं, आगीत कुणी सापडलं होतं का? नाही म्हणाले. मी सहाचे पाच केले. हसू नका, मी खरोखर केले. मग मे महिन्यात दात्यांच्या जेवणात, सूप आणि गोडाच्या मध्ये, पहिला आलेला निबंध मोठ्यानं वाचला जायचा. मुलगी समोर उभी, आणि तिच्या बापाची दारू हॉलभर.

आणि खालच्याच मजल्यावर दर सप्टेंबरात नव्या मुलांना मी काय शिकवतो? सेवार्थीनं, म्हणजे आपल्याकडे मदतीला आलेल्या माणसानं, सांगितलेली गोष्ट त्याच्या लेखी संमतीशिवाय खोलीबाहेर जाता कामा नये. नवऱ्याला सांगायची नाही, बायकोला नाही, मांजराला नाही. हा आपल्या व्यवसायाचा पहिला धडा. तो शिकवून मी जिना चढायचो आणि वर येऊन गुण द्यायचो.

दोन वर्षांपूर्वी एक अर्ज आला. मुलगी अभ्यासात पहिली, आधीच रात्रपाळ्या करणारी. पाठ्यवृत्ती मिळाली नाही तर ते वर्ष तिला सोडावंच लागणार होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. चौथ्या प्रश्नाखाली तिनं लिहिलं होतं, 'संकट माझ्या आईचं आहे. आई हयात आहे. तिला विचारल्याशिवाय मी सांगू शकत नाही.' आणि सोबत आपल्याच विभागाचं छापील संमतीपत्र जोडलं होतं. आईच्या सहीची जागा कोरी.

मी शून्य दिलं. शेरा लिहिला, 'तपशिलाचा अभाव.'

डीनसाहेब तेव्हा वाईट बोलले नाहीत, फक्त व्यवहाराचं बोलले. "पोरगी हुशार आहे, वर्ना. पण दात्यांना वाचून काय दाखवायचं?"

"तिचे क्षेत्रकार्याचे अहवाल वाचा," बाई म्हणाल्या.

"अहवाल ऐकून कुणाला रडू येत नाही."

"मग टेबलावर कांदा ठेव, कर्टिस."

त्यानंतर बाईंनी आम्हा पाच जणांपुढे एकेक कोरा कागद ठेवला. आपापल्या घरात घडलेलं सर्वांत वाईट लिहा, म्हणाल्या, मे महिन्यात मीच वाचून दाखवीन, माझा आवाज बरा आहे. आम्हाला थट्टा वाटली. बाईंनी विणकाम काढलं आणि दाराशी खुर्ची ओढून बसल्या. वीस मिनिटं त्या विणत राहिल्या. मी लिहिलं, 'माझा थोरला भाऊ'. पुढे हात चालेना. तेवढे तीन शब्द मी खोडले, आणि खोडलेलंही कुणाला वाचता येऊ नये म्हणून कागद खिशात घातला. मग मी माझं शून्य मागे घेतलं. पाठ्यवृत्ती त्या मुलीला एकमतानं मिळाली.

आता तुमच्यापैकी निम्म्यांच्या मनात आलं असेल, त्या घरात घडलं तरी काय? हाच तो चौथा प्रश्न, मित्रहो. मला उत्तर माहीत नाही. आत्ता जेवढं सांगितलं तेवढ्यापुरती त्या मुलीची लेखी संमती माझ्या खिशात आहे. ती आज या सभागृहात आहे की नाही, हे त्यात नाही. तेव्हा माना वळवू नका.

मुलीचं काम झालं. प्रश्न मात्र तिथेच राहिला. 'पुढच्या वर्षी बघू' असं दोनदा ठरलं. आणि आज डीनसाहेबांनी 'वर्ना लाहती पाठ्यवृत्ती' जाहीर केली. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. या नव्या पाठ्यवृत्तीचा अर्ज तुमच्या ताटाखाली आहे. उलटून पाहा. प्रश्न चौथा, शब्दाला शब्द तोच. सुधारणा एकच, दोन पानांची तीन झाली आहेत.

दोष दात्यांवर ढकलायची सोय आहे. म्हणून सकाळी मी श्रीमती टोलेफसन यांनाच विचारलं. त्यांच्या परवानगीनं त्यांचे शब्द सांगतो: "अहो, मला वाटायचं पोरांनाच ते सांगायचं असतं. मी खाली मान घालून बसायचे." म्हणजे सांगणाऱ्याला सांगायचं नव्हतं आणि ऐकणारीला ऐकायचं नव्हतं. मग इतकी वर्षं आम्ही हे कुणासाठी करत होतो?

एखाद्याचं नाव पाठ्यवृत्तीला द्यायचं तर त्याची लेखी संमती लागते, असा विद्यापीठाचा नियम आहे. तो कागद बाईंनी सकाळी माझ्याकडे दिला. सहीची जागा कोरी आहे. "चौथा प्रश्न खोडला की सही येईल," एवढंच म्हणाल्या. तो कागद आणि अर्जाची मूळ प्रत मी अध्यक्षांपुढे ठेवतो आहे.

बाई, तुमच्यासमोर बोलायची संधी मिळाली, हे माझं भाग्य. आयोजकांचे, आचाऱ्यांचे आणि मागच्या टेबलांचे आभार. बोलताना कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. तपशिलाचा जो अभाव राहिला, त्याची मात्र मी क्षमा मागत नाही.

माझी सात मिनिटं संपली. डीनसाहेब, पेन तुमच्या उजव्या हाताशी आहे. टोपण मी काढून ठेवलं आहे.