भीमसिंगासाठी बावीस बायांचा उपास

हॅलो? … हॅलो, कोण बोलतंय? … अगं बाई, अक्का! सलाम, सलाम. मी करुणाच बोलून राहिले. जरा जोरात बोला, लई खरखर व्हायली.

हो, हो, सगळे बरे हाव. तुमचे भाऊ आत्ताच शाळेतून आले, जेवून लवंडलेत. … हरीश बी झोपला. आरोही अंगणात हाय, शेजारच्या शकुबाईच्या करडासंगं खेळायली. … उठवू का ह्यांना? … मग? माझ्यासंगंच बोलायचंय?

कोण कसा हाय? … भीमसिंग? कोणता भीमसिंग? … आमच्या डोंगरकड्यात? न्हाई हो अक्का, इथं कुणी भीमसिंग…

थांबा, थांबा. कसली चिठ्ठी? … मागल्या ऐतवारी तुमी इथं आलात, बिस्किटाच्या डब्यात प्रार्थनेच्या चिठ्ठ्या गोळा करून नांदेडला नेल्या, त्यातली? … वाचा बरं पुन्हा.

'भीमसिंग तीन दिवसांपासून दगड झाला आहे. त्याला हलता येत नाही. प्रभू, त्याला मदत कर.'

देवा रे.

न्हाई, हसले न्हाई. ठसका लागला.

लकवा? … तुमाला लकवा वाटला. … बराबर हाय, कुणालाबी तेच वाटंल. … हो, अक्षर लेकराचं हाय, लिहिणाऱ्याला लिहिता येत नसंल म्हणून लेकराकून लिहून घेतलं असंल… हो, बराबर हाय तुमचं. … आणि मग? … उपास? कुणी? सगळ्या महिला मंडळानं? … बावीस बायांनी? काल दिवसभर? पाण्याबिगर? … मालनबाईनं बी? अहो, तिला शुगर हाय! … चक्कर आली? … मग आता? … तुमच्याकडंच पडून हाय व्हय. काहून धरू दिला तिला उपास? … 'भीमसिंग उठंल तवाच जेवीन' म्हणली? मालनबाई?

अरे देवा.

न्हाई, न्हाई, ऐकून राहिले. … पाळकसाहेबांनी नाव लिहून घेतलं? उद्याच्या उपासनेत सगळ्यांपुढं घेणार? … आणि तुमी आज चारच्या गाडीनं… कुठं? इथं? त्याला भेटायला? … पाच जणी? केळी घेऊन? अहो अक्का, डोंगरकड्याला केळी कोण आणतं! इथं पाय ठेवला की केळीच… बरं, बरं, केळीचं जाऊ द्या.

अक्का, एक करा. खाली बसा. … बसलात? … न्हाई, मेला न्हाई तो. तसं काही न्हाई. तो… तो माणूस न्हाई. म्हणजे माणूसच हाय. पण गोष्टीतला हाय.

गोष्टीतला. पुस्तकातला.

हो, त्याच. … हो, शिंगवाल्या राक्षसाचं चित्र हाय त्याच पुस्तकातला. … हो, तुमी चुलीत घाल म्हणला होतात. … न्हाई घातलं. … चर्चच्या जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलं त्याला. … न्हाई हो, लपवायला काहून… हो. लपवायलाच. तुमी आलात की गीतांच्या पुस्तकासंगं ठेवते. चूक झाली.

पुस्तकात त्याचं नाव भलतंच हाय, माझी जीभच वळत न्हाई. म्हणून मी वाचताना भीमसिंग म्हणते. शेळ्या राखणारा हाय तो. चेटकिणीनं एका म्हातारीची शेळी कोंडली, ती ह्यानं सोडवली, म्हणून तिनं ह्याचा दगड केला. … चेटकीणच. हो, हाय चेटकीण. … हो, प्रभूला आवडत न्हाई चेटूक, म्हाईत हाय मला. गोष्टीत बी चांगली न्हाईच दाखवली तिला!

रागवा. बराबर हाय तुमचा राग. बावीस बाया उपाशी, मालनबाई आडवी… काय बोलायचं ते मला बोला. पण आरोहीला काही म्हणू नका. … कारण… अहो ऐका ना. … एकच मिनिट. … अक्का, ऐका की!

… माफ करा. आवाज चढला माझा.

उन्हाळ्यात तुमच्या आई आजारी होत्या, तवाचं आठवतं ना? तीन आठवडे आपण सगळे गुडघ्यावर. आरोही तर खाटेपाशीच बसून असायची, आजीचा हात धरून. प्रभू, आजीला उठव, आजीला उठव. … आई गेल्या. तवापासून ह्या पोरीनं तोंड उघडलं न्हाई. घरच्या प्रार्थनेला बसते, डोळे मिटते, पण शब्द न्हाई. आमेन बी न्हाई. सहा महिने, अक्का. … एकदा विचारलं तर म्हणली, 'आजीसाठी मागितलं होतं की.' … तुमाला कसं सांगणार? तुमची आई गेलेली, तुमीच रडत होतात.

म्हणून मी गोष्ट वाचायला घेतली. दुसरं काही सुचलंच न्हाई. रोज दिवेलागणीला दोन-तीन पानं. … मीच काढते राक्षसाचा आवाज. … काढू? फोनवर? न्हाई बाई, हे उठतील. शकुबाईचा बोकड दावं तोडायला बघतो माझ्या आवाजानं. आणि हरीश, त्याला राक्षस इतका आवडला की रोज पुस्तक मिटताना त्याला सलाम करतो. … हसलात ना? हसलात, ऐकू आलं मला.

खरं सांगू, अक्का? मी लेकरांसाठी वाचत होते. पण तो दगड झालेला भीमसिंग एकटा माळावर, आणि सगळे म्हणायलेत आता संपलं, घरी चला. आणि एक म्हातारा धनगर तेवढा म्हणतो, मी थांबतो. ते वाचताना मला प्रभूच्या कबरीवरची धोंडच दिसली. लहानपणापासून दर ईस्टरला ऐकते मी, धोंड सरकली, प्रभू उठला. पण असा आनंद कधी झाला न्हाई. अंगावर काटा आला, रडू बी आलं आणि हसू बी आलं. लेकरं माझ्या तोंडाकडं बघायलीत. … न्हाई, पुस्तकात प्रभूचं नाव कुठंच न्हाई. मला दिसला, मी काय करू?

आणि तुमच्या डब्यात चिठ्ठी टाकली ना तिनं, ती मला म्हाईतच न्हाई. आत्ता तुमी वाचली तवा कळलं. सहा महिन्यांनी तिनं पहिल्यांदा काहीतरी मागितलं, अक्का. आता तुमी येऊन म्हणलात, खोट्या माणसासाठी आमाला उपाशी ठेवलं, तर ती पुन्हा कधी…

हॅलो? … अक्का? … लाईन गेली का? … आहात. … रडू नका हो. … मला बी येते त्यांची आठवण. चहाचं आधण ठेवलं की येतेच.

काय म्हणलात? … उठतो का? कोण, भीमसिंग? … मी पुढचं चोरून वाचलंय. सांगू? … न्हाई सांगायचं? … मालनबाई पडल्या पडल्या विचारायली? तिला बी नको? मग आधी जेवू तरी घाला तिला. … तुमी येऊनच ऐकणार? पाची जणी? … आणि पाळकसाहेबांना काय… 'नाव राहू द्या' म्हणता? अक्का!

बरं, बरं. वारंगा फाट्यावर उतरू नका, गाडी गावातच थांबती. … हो, शब्द देते. तुमी येईस्तोवर एक ओळ वाचत न्हाई. तुमी येईस्तोवर भीमसिंगाला दगडच ठेवते.

थांबा, आरोही दारात आली. … ये गं. आत्याचा फोन हाय. … चिठ्ठी मिळाली आत्याला. … न्हाई, रागावली न्हाई. अगं, नांदेडच्या बावीस बायांनी उपास धरला भीमसिंगासाठी. … खरंच. मालनबाईला तर चक्कर आली, पडून हाय बिचारी. …

अक्का, ती खालीच बसली. … गुडघ्यावर. … गप ऱ्हा जरा, बोलू नका. …

मालनबाईसाठी मागून राहिली हो. …

मोठ्यानं मागायली. … ऐकू येतंय का? फोन तिच्याकडं धरते. …

… ऐकलंत? … झाली तिची प्रार्थना. तुमच्यासाठी थांबलीय ती. आमेन म्हणा की, अक्का. … हॅलो? … रडा नंतर, आधी आमेन.