तेरा रिकाम्या ओळी

(वाचनालयाची खोली. टेबलावर जुनी मतदार यादी. ताईंचे पाय स्टुलावर.)

ताई: बावीस नावं वाचलीस. यात आईचं कुठंय?

भाऊ: नाहीये, ताई. वाचनालयापुढे बसवायच्या शिळेवर फक्त गावातल्या पहिल्या निवडणुकीत मत दिलेल्या बायका. आईने नव्हतं दिलं.

ताई: देऊ दिलं नव्हतं, असं म्हण. मी नऊ वर्षांची होते. सकाळपासून तिचं बोट धरून उन्हात उभी. टेबलापाशी पोचलो, तर म्हणे, "बाई, तुम्हाला खोडलंय."

भाऊ: ठाऊक आहे मला.

ताई: तुला डोंबल ठाऊक! तू तिच्या कडेवर झोपला होतास.

भाऊ: यादी ठाऊक आहे म्हणतो. हे बघ, सगळं बाबांचं अक्षर. मतदार नोंदवायला दारोदार तेच हिंडले. दारात पुरुष यायचा, बायकोचं नाव घ्यायला लाजायचा. बाबा लिहायचे, 'शिंप्याची बायको', 'सुताराची आई'. मागून हुकूम आला, स्वतःचं नाव नसेल तिला खोडा. चौदा जणी गेल्या.

ताई: आणि आपलं घर?

भाऊ: शेवटची ओळ. 'कारकुनाची बायको.'

ताई: अरे देवा. ती आत कणीक मळत असेल. एक हाक मारायची होती.

भाऊ: सवयीने झालं असेल गं. चाळीस घरं करून दमून आले असतील. की मीच त्यांना सांभाळून घेतोय, कोण जाणे.

ताई: पुढच्या वेळी नोंदणीवाला आला, तेव्हा आई पिठाचे हात घेऊन दारात गेली. तीनदा नाव सांगितलं. बाबा पेपरात तोंड खुपसून बसले होते. त्यानंतर एक निवडणूक चुकवली नाही तिने. मुलींची शाळा आली ती या बायकांच्या मतांवर. तिथेच मी तीस वर्षं फळा पुसला. आणि तू तिला शिळेवरून पुसतोस?

भाऊ: तिला एकटीला घेतलं, तर लोक म्हणतील, वाचनालय याच्या हातात, म्हणून आईला बसवलं. खरंही असेल ते.

पाथरवट: येऊ का? शिळा बाहेर टेकवलीय. नावं द्या, उद्यापासून छिन्नी लावतो.

भाऊ: बावीस आहेत. आणि... खाली जागा उरेल का हो?

पाथरवट: किती ओळींची?

भाऊ: चौदा. वर एक ओळ कोरा, 'रांगेतून परत पाठवलेल्या'.

पाथरवट: कोरतो की. नावं?

भाऊ: एकच ठाऊक आहे. आमच्या आईचं.

पाथरवट: आणि बाकीच्या तेरा? रिकाम्या ओळी कोरून काय करू, आजोबा?

ताई: चार दिवस थांबाल का?

पाथरवट: शिळा बसवायचा समारंभ पुढच्या आठवड्यात आहे. चार दिवस ओढूनताणून निघतील.

भाऊ: ताई, चार दिवसांत काय होणार? शिंपी गेला, सुतार गेला.

ताई: नातवंडं आहेत ना त्यांची. अर्धी माझ्या हाताखाली शिकलीत. काठी दे माझी.

भाऊ: तुझे पाय बघ सुजलेत केवढे. आणि दारात जाऊन मी बोलू काय? मला नाही जमत असलं.

ताई: तू फक्त यादी धर. बाबांनी विचारायचं राहिलं, ते मी विचारते.

भाऊ: काय?

ताई: तुमच्या आजीचं नाव काय होतं?