जोडचाकं

(घानातलं कुमासी शहर. सुआमे ही तिथली गॅरेजांची आणि जुन्या सुट्या भागांची वस्ती. फिटर बादू मास्तरांची शेड. कोनफळांची वाहतूक करणारा सिआव आपली पिकअप न्यायला आला आहे.)

सिआव : मागची चारही चाकं बसली का, मास्तर? उद्या टेचिमानच्या बाजाराला निघायचंय. माल काढून ठेवलाय तिथल्या व्यापारी बायकांनी.

मास्तर : बसली. व्हॅनचा अख्खा मागचा ॲक्सल तुझ्या पिकअपखाली घातला. तिचे स्प्रिंगचे पाटे एकमेकांपासून लांब, तुझे जवळ. म्हणून ॲक्सलवरच्या पाट्यांच्या बैठका कापून आत घेतल्या, वेल्ड केल्या. आता एका बाजूचा एक टायर गेला तरी दुसरा धरेल.

सिआव : चला, बाबांची ती मेलेली व्हॅन कामी आली म्हणायची.

मास्तर : मेलेली कोण म्हणतं?

सिआव : तीन आठवडे दारात उभी होती. कोंबड्या बसायला लागल्या तिच्यात. मीच म्हटलं बाबांना, तिचा ॲक्सल तरी द्या. 'घे' म्हणाले. इथवर ओढून कुणी आणली?

मास्तर : ओढून? अरे, स्वतः चालवत आणली त्यांनी. हा चढ तिसऱ्या गियरवर चढून आले.

सिआव : काहीतरीच काय.

मास्तर : गुडघा बिघडला होता त्यांचा, गाडी नव्हे. सोमवारपासून पुन्हा प्रवासी भरायला अड्ड्यावर नंबर लावणार होते. तू शुक्रवारी मागितलास.

सिआव : मग बोलले का नाहीत?

मास्तर : मीही तेच विचारलं. म्हणाले, 'परवा भरल्या गाडीचा टायर फुटला त्याचा, थोडक्यात वाचलाय. नाही कसं म्हणू?' वर मला दम, सिआवला कळता कामा नये.

सिआव : आणि तुम्ही कापलीत.

मास्तर : कापली. आधी अर्धा तास ते आतच बसून होते. मला वाटलं, दुपारचं मक्याचं केंके खातायत. उतरले तेव्हा पुडा तसाच बांधलेला होता. तेव्हाच तुला निरोप धाडायला हवा होता रे. चुकलंच माझं.

सिआव : परत जोडा. मी दुसरा ॲक्सल शोधतो कुठूनतरी.

मास्तर : जोडू कशाला, गाडी उरलीय कुठे? इंजिन काल सकाळीच विकलं गेलं, दरवाजे दुपारी. सुआमेत सुटी केलेली गाडी टिकते का?

सिआव : बावीस वर्षं चालवली त्यांनी. आणि मला एकदा किल्ली फिरवून बघावंसं वाटलं नाही.

मास्तर : तुला काय माहीत.

सिआव : माहीत करून घ्यायला दारातच तर होती. आता कुठे आहेत ते? घरी नव्हते.

मास्तर : अड्ड्यावर गेलेत, रांगेतलं नाव काढून घ्यायला. इथूनच गेले मघाशी, चालत.

सिआव : त्या गुडघ्यानं?

मास्तर : मी म्हटलं टॅक्सी करा. तर म्हणाले, 'राहू दे. आता मला कुठं नंबर गाठायचाय?'