चालणं शिकवणारं कॉलेज

अगं, परवाची गंमत ऐक. आमच्या रियाला ॲनिमेशन शिकायचंय. जबलपुरातल्या कॉलेजची फी झेपली नाही, म्हणून मी बाहेरच्या राज्यातलं स्वस्त कॉलेज शोधून राहिली. नागपूरच्या एका कॉलेजात फोन लावला, तिथल्या बाईंनी उचलला.

“दीदी, पहिल्या वर्षी शिकवता काय?”

“माणसं चालतात कशी, ते.”

फोन ठेवला नि रियाला म्हटलं, “काहून गं, चालणं बघायला इतक्या दूर जायचं?”

ती उठली, मोबाइल कानाला लावला आणि येरझारा घालू लागली. दर फेरीला गॅसचं बटण चाचपायची, मग दाराची कडी.

हिचे बाबा हसत सुटले, “अरे, ही तर हुबेहूब तूच!”

मी पुन्हा फोन लावला, “दीदी, चालणं हिला येतं. तेवढ्याची फी कमी होईल का?”