ह्यांचा जवाब उशिरा आला

चहा घ्या ताई, सांगते काय झालं ते. आमचा विनू घरूनच कंपनीचं नेटवर्क सांभाळतो. त्याचा कॉम्प्युटर एकेका मशीनला विचारतो, "चालू आहेस का?" थोडी वाट बघतो, जवाब नाही आला की टाइमआउट, मग पुढच्याला विचारतो.

मी म्हटलं, "अन् मागून जवाब आला तर?"

"फेकून देतो, आई. एकासाठी थांबलं तर मागची पूरी लाइन अटकते."

लकवा झाल्यापासून ह्यांना सगळं समजतं, पण शब्द जुळवायला वेळ लागतो. काल विनूने विचारलं, "बाबा, आईला तुम्हाला उचलणं-बसवणं झेपत नाही. दादाकडे भोपाळला राहाल?"

ह्यांचे ओठ नुसते हलत राहिले. तेवढ्यात विनूला दादाचा फोन आला. "चला, म्हणजे बाबांची ना नाही," म्हणत तो उठून गेला.

मी ह्यांची उशी नीट करत होते, तेव्हा शब्द फुटला, "मी... नाही जात."

धावत गेले. "विनू, ते नको म्हणतायत रे!"

"आई, दादा गाडी घेऊन निघाला पण. विचारलं तेव्हाच बोलायचं ना त्यांनी!"