बघता तेवढेच निवडा

नाही, नाही, सगळे चॅनल परत चालू करू नका, मला तो एकच हवाय — आणि जरा हळू बोला दादा, आत हे झोपलेत. रात्रपाळी असते ना त्यांची, छापखान्यात. — या वयात? हो, या वयात. काम करणाऱ्याला वय कुठे असतं. चपला राहू द्या पायात, आणि दारही तसंच उघडं राहू दे, वारा येतो. बॉक्स तिथे टीव्हीच्या मागे आहे. तर तो चॅनल — नाव नाही सांगता येणार, भाषाही मला कळत नाही ती — पण चार बाप्ये बसलेले असतात टेबलाभोवती आणि एकमेकांवर तावातावाने ओरडत असतात, सकाळी लावा, संध्याकाळी लावा, तेच. कशावरून भांडतात देव जाणे. आधी तो आपोआप यायचा, पॅकमध्येच होता, आम्ही कुठे मागितला होता. हे असताना सगळं एकगठ्ठाच यायचं, निवडानिवडीची कटकट नव्हती.

असताना म्हणजे — घरी असताना म्हणते मी. सुट्टीच्या दिवशी. तुम्ही तुमचं काम करा.

चूक माझीच आहे, तुमच्या दुकानातल्या मुलीला बोल लावू नका. ती म्हणाली, आजी, आता एकेक चॅनल वेगळा घ्यायचा, तुम्ही बघता तेवढेच निवडा, बाकीची भरताड कशाला हवी. मला पटलं. मी घरी येऊन शांतपणे विचार केला आणि बघते तेवढे निवडले — एक मालिकांचा, एक जुन्या गाण्यांचा, आणि तो एक जनावरांचा, पाणघोडे वगैरे दाखवतात तो. चार बाप्यांचा नाही निवडला. कारण तो मी बघत नव्हतेच कधी. स्वयंपाकघरात त्याच्याकडे पाठ करून भाजी चिरत असायची मी, नाहीतर आत कपड्यांच्या घड्या. बघता तेवढेच, असं म्हणाली ती — लावता तेवढे सांगा म्हणाली असती तर पहिला तोच सांगितला असता.

— भाषा कळत नाही तर लावता कशाला? अहो — नाही, तुम्हालाच म्हटलं, आत नाही मारली हाक — अहो, घरात पुरुषमाणसाचा आवाज असला म्हणजे बरं असतं. बाहेर ऐकू गेला म्हणजे. हे गेल्यावर — कामाला गेल्यावर — घर अगदी चिडीचूप होतं, आणि हा तळमजला, जिन्यातून कोणीही येतं, कोणीही जातं. एकदा भर दुपारी मी इथेच, तुम्ही उभे आहात ना तिथे, पाय वर घेऊन बसले होते, आणि दाराची मूठ फिरली. बेल नाही, हाक नाही. हळूच फिरली, आणि तशीच धरून ठेवली कोणीतरी. मला ओरडताही येईना. आणि तेवढ्यात ह्या चौघांची जुंपली टीव्हीवर — मी बाई हात जोडले त्यांना — आणि मूठ परत जागेवर आली. पावलं गेली. तेव्हापासून मी तो बंदच केला नाही. न्हाणीघरात जाताना आवाज आणखी वाढवायचा. वरच्या मजल्यावरच्या बाई विचारायच्या, पाहुणे आलेत का हो, मी म्हणायची, हो, ह्यांचे मित्र.

आणि आता काय ऐकू येतं घरातून? मालिकेतल्या बायका रडतात. दिवसभर बायकाच रडतात. बाहेरच्याला काय कळायचं ते कळतंच की. काल दुपारी परत मूठ फिरली.

— माझ्या मुलीला? तिला सांगायची सोय नाही. ती म्हणेल, आई, आता एकटीने राहणं पुरे, चल माझ्याकडे, आणि हे घर विकून टाकेल, आणि मी तिच्या हॉलमधल्या सोफ्यावर —

एकटीने म्हणजे. 

हे बघा, मी काय बोलतेय आणि तुम्हाला का सांगतेय, मला समजत नाही. मी ओळखतसुद्धा नाही तुम्हाला. तुमचं ते गळ्यातलं कार्ड दाखवा परत — मघाशी चष्मा नव्हता माझ्या डोळ्यावर, मी नुसतीच मान हलवली. आणि तो स्क्रू ड्रायव्हर जरा खाली ठेवाल? राग मानू नका. मला भीती वाटते हो, कोणाचीही वाटते आताशा, दूधवाल्याचीही वाटते, आणि तोंड बंद ठेवावं म्हटलं तर माणूस दिसलं की ते सुटतंच. दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते ना. असू दे. इथेच उभी राहते मी, दाराशी.

लागला? हाच. हाच तो, टकलू डावीकडे बसतो, तो सगळ्यात मोठ्याने ओरडतो. वाढवा आवाज. आणखी. — राहू दे एवढा.

झालं ना तुमचं? मग निघा. पाणीसुद्धा विचारलं नाही तुम्हाला, पण आता निघाच. — काय म्हणालात? 'येतो काका'? कोणाला म्हणालात? आत तर —

हं.

कळलंच म्हणजे तुम्हाला. आल्या आल्याच कळलं असेल, मीच आपली लपवत बसले. — नाही, रडत नाही मी. दादा, एक करा. तेच परत म्हणाल? इथे नको. बाहेर जिन्यापाशी गेल्यावर, इकडे तोंड करून, जरा मोठ्यांदा. आणि म्हणून झालं की थोडं थांबा आणि हसा, ह्यांनी आतून काहीतरी म्हटल्यासारखं. जा आता. दार लावते मी.