हीरो डावखुरा

सुधारून आणा म्हणते! ऐका, चंद्रपूरचा छापखानेवाला मले म्हणते, ‘चित्रं झक्कास, पण हीरो डावखुरा काऊन? सुधारून आणा, मंग छापतो.’ अबे, ज्यानं काढलं तो रईस मागच्या पावसाळ्यात गेला ना, डोक्यात मलेरिया चढून... आता कोणाले सांगू, ऊठ बे, हात सुधार म्हणून?

तुमाले सांगतो, मी पत्रू, चामोर्शीचा, अन् रईस माझा जिगरी. त्यानं चित्रं काढाची, मी फुग्यात डायलॉग लिहाचे, असं आमी दोघानं सिनेमाच्या अन् व्हिडिओ गेमच्या इतिहासाचं कॉमिक्स केलं. हीरो एकच! मुक्या सिनेमातून पळत निघते, बोलक्यात येऊन गाणं म्हणते, रंगीतमधी ढिशूम-ढिशूम करते, अन् शेवटी थेट गेममधी घुसते, तिथी त्याले तीन जीव भेटते. तीन! अन् रईसले? एकच भेटला, तोही पुरता वापरू नाई देला बाप्पा...

पण हीरो डावखुरा तो डावखुराच!

काऊन, तर ऐका ना. आमच्या बाजाराच्या मैदानात तंबूतला सिनेमा ये. मधात पडदा, समोर माणसं, पडद्यामागं बाया. मी बाबासंग समोर, रईस अम्मीसंग मागं. अन् मागून पाह्यलं का सारंच उलटं! बंदूक डाव्या हातात, नावं उलटी... पोट्ट्यानं लहानपणापासून तसंच पाह्यलं. बरं, गेम तरी सरळ पाहावं का नाई? गेमचा टीव्ही इसरूच्या कटिंगच्या दुकानात, खुर्चीच्या मागं! रईस केस कापता कापता आरशात गेम पाहे, इसरू बोंबले, ‘मान हालवू नोको बे, कान जाईन!’ म्हणजे तिथीही उलटंच!

छापखानेवाला म्हणते, ‘मीच निगेटिव्ह पलटवतो, हीरो सरळ होऊन जाईन. अक्षरं उलटी होतीन, तुमी फक्त फुगे नव्यानं लिहा.’ मनात आलं, करून टाकावं. रईसच्या अम्मीले, सुलताना चाचीले, शब्द देलता ना मी, का ईदले पुस्तक हातात देतो म्हणून. गेलो घरी, चित्रं समोर ठेवली, म्हटलं, ‘चाची, हीरो उलटा आहे, सरळ करू का?’

चाचीनं चष्मा लावला. एकेक पान पाह्यलं, बोटानं हीरोचा हात चाचपला. ‘उलटा कहाँ है रे? असाच तर होता. मेरी गोदी में बैठके देखा ना उसने!’

मी एकेक पान उचललं अन् पिशवीत घातलं.

दुसऱ्या दिवशी चंद्रपूरले जाऊन छापखानेवाल्याले सांगून आलो, राहू द्या भाऊ, नाई छापाचं. तो मले येडा समजला, समजू दे! पुस्तक नाई झालं, ईदले रिकाम्या हातानं जा लागन... पण हीरो डावखुरा तो डावखुराच!

मंग एसटीले टाइम होता म्हणून टॉकीजमधी घुसलो. पक्की टॉकीज, पडद्यामागं भिंत, मागं बसाले जागाच नाई! पडद्यावर हीरो आला, समोसा उचलला... उजव्या हातानं. अन् मी जो हंबरडा फोडला तुमाले सांगतो... सारी टॉकीज हासून राह्यली अन् मी रडून राह्यलो! बाजूचा म्हणते, ‘काय झालं भाऊ? कॉमेडी सीन होय ना!’

म्हटलं, ‘हौ बाप्पा, कॉमेडीच होय... पण उलटा दाखवून राह्यले ना!’